कासारीण मावशींचा डावा हात

बेंबळीच्या कासारीण मावशींवर अन्याय झाला तो गेल्या येळवशीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सरकारी दवाखान्याच्या बाकावर. अंगात थंडी भरलेली, डावा हात मनगटापासून खांद्याकडं विटेसारखा लाल होत चाललेला, आणि समोरची तरणी डॉक्टर म्हणाली, "हात तर आधीपासूनच सुजलेला आहे ना? मग बसा." मावशी बसल्या. दुपार कलेपर्यंत बसल्या.

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. भीतीनं नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सगळे सुटतात, म्हणून. मावशींचंही नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय. "नाव घालू नको. कासारीण लिही. तेवढ्यावरनं समदी वळखतेत."

मी बायकांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका लहानशा गटात आहे. आम्ही पत्रकं लिहितो, छापतो, बाजाराच्या दिवशी वाटतो. त्यामुळं माझं लिहिणं पत्रकासारखं वाटलं तर वाटू द्या. मावशींच्या दुकानामागची खोली आमच्या गटानं भाड्यानं घेतली होती आणि तिथं मी राहायचे. म्हणजे त्या माझ्या घरमालकीण. पण घरमालकीण म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं त्यातलं त्यांच्यात काहीच नव्हतं.

दुकानात कुणी पाय ठेवला की मावशी आधी मनगट बघायच्या, मग तोंड. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. मी पहिल्या दिवशी खोलीची किल्ली मागायला गेले तेव्हापासून 'सव्वादोन' झाले ती कायमची. पलीकडच्या गिरणीवाल्या काकू 'अडीच'. ग्रामसेवकाबद्दल त्यांचं मत असं, की माणूस दिसायला पावणेतीनचा, बायकोपुढं सव्वादोन. गिरणीवाल्या काकू एकदा हे ऐकून इतक्या हसल्या, की हातात चढत असलेली बांगडी पिचली. मावशींनी ती त्यांच्याच हिशेबात धरली.

आमच्या पत्रकांचा त्यांनी लावलेला उपयोग मला आधी अजिबात पटला नव्हता. गठ्ठा त्यांच्या ओट्यावर ठेवला होता, तर त्या पत्रकांत बांगड्या गुंडाळून द्यायला लागल्या. छातीतली गाठ कशी ओळखावी हे आम्ही रात्री जागून लिहिलेलं, आणि त्यात हिरव्या काचेचा डझन. मी भांडायला गेले. मावशी म्हणाल्या, कागद लई मऊ हाय, काच टिकती. मी निघाले तशी पाठीमागून म्हणाल्या, की तू हातात देतीस तो कागद बाई रस्त्यात टाकती, ह्यो घरी जाऊन उघडती. दुसऱ्या दिवशी आणखी गठ्ठा आणून ठेवला.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, तरी त्यांच्या दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या असायच्या. गावात बोलणारी तोंडं कमी नव्हती. एका म्हाताऱ्यानं भर बाजारात टोकलं तेव्हा मावशी शांतपणे म्हणाल्या, "ही दुकानाची पाटी हाय, मामा. मालक गेला म्हून पाटी काढत्यात व्हय?"

अशी ही बाई कुणालाच भीत नसे. भीत असे ती फक्त बंद दाराला.

हे मला कळायला वेळ लागला. आधी वाटलं, विसरभोळ्या आहेत. घरात शिरल्या की एक चप्पल दाराच्या फटीत राहायची. दुकानाचं दार, माझ्या खोलीचं दार, देवघराचं दार, सगळीकडं फटीत काहीतरी. एसटीत दाराजवळची जागा मिळाली नाही तर गाडी सोडायच्या. न्हाणीत गेल्या की दार अर्धं उघडं ठेवून मोठ्यानं भारूड म्हणायच्या, कुणी येऊ नये म्हणून. आवाज असा, की येण्याची कुणाची छाती नव्हती.

एकदा जोराच्या वाऱ्यानं माझ्या खोलीचं दार धाडकन लागलं आणि आत बसलेल्या मावशी अंग चोरून भिंतीला चिकटल्या. घामानं चिंब. पाणी पाजल्यावर त्यांनी सांगितलं. त्या लहान होत्या तेव्हा त्यांच्या माहेरी ज्वारी पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीत खोदलेली खोल कोठी, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. पेव उघडलं की दिवसभर हवा खेळू द्यायची, मग उतरायचं. कोंडलेल्या हवेत माणूस टिकत नाही, हे पोरासोरांना ठाऊक. पण पाहुणे येणार होते, घाई होती, आणि त्यांचा चुलता उतरला.

"तोंडाशी म्याच हुबी व्हते," मावशी म्हणाल्या. "तात्या, तात्या म्हून हाका मारल्या. आतनं कायबी न्हाय. वरडणं न्हाय, कण्हणं न्हाय. कायबी न्हाय, पोरी."

दुसरा चुलता उतरायला निघाला तर त्यांच्या आईनं त्याच्या धोतराला मिठी मारून त्याला मागं ओढलं, म्हणून तो वाचला. तेव्हापासून मावशींना कोंडलेली हवा नाकानं कळायची. म्हणजे त्यांना तसं वाटायचं.

छातीतली गाठ त्यांना आमच्याच पत्रकानं सापडली असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. अंघोळ करताना हाताला लागली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, मग किरणांचे शेक झाले. कॅन्सर गेला म्हणाले. पेढे वाटले. हात सुजू शकतो, हे तेव्हा त्यांना कुणी बोललं नाही. ना डॉक्टर, ना नर्स, ना फाईल हातात देणारा.

वर्ष उलटलं आणि डावा हात भरू लागला. काखेतल्या गाठी काढल्या, वरून शेक दिला, की अंगातल्या पाण्याची तिथली वाट बुजते आणि पाणी हातात साठतं. आधी अंगठी रुतली, मग चोळीची बाही, मग कोपराची हाडं दिसेनाशी झाली. मावशी त्या सुजेला 'पाहुणी' म्हणायच्या. सकाळी उठून हाताशी बोलायच्या, की बाई, तुझं गाव लांब हाय, ऊन व्हायच्या आत निघ. गिऱ्हाईक हसायचं. मी हसत नसे, कारण गिऱ्हाईक गेलं की त्या पदराखाली डावी मूठ वळायचा प्रयत्न करायच्या आणि ती वळायची नाही, हे मी मागल्या दारातून बघत होते.

बांगडी भरायला दोन हात लागतात. डाव्यानं बाईचा पंजा दाबून, बोटं एकात एक बसवून लहान करायचा, आणि उजव्यानं बांगडी सरकवायची. दाबणारा हातच गेला तर कासारीण गेली. ढोकीच्या एका लग्नात त्यांना चुडा भरायला बोलावलं होतं. तिथं नवरीच्या हातात एकामागून एक बांगड्या पिचल्या आणि नवरीची आजी अपशकुन म्हणून उठून आत गेली. मावशी टोपली उचलून आल्या. त्या दिवशी पाहुणीशी बोलल्या नाहीत.

मग त्याच मोठ्या दवाखान्यातून फोन आला. किरणांनी आतलं मांस कडक होतं, तिथं प्राणवायू दाबानं पोचवला तर ते सुधारेल आणि सूज उतरेल का, याची तपासणी चालली होती. काही बायकांना नेहमीच्या पट्ट्या आणि व्यायाम. काहींना त्याच्या जोडीला रोज बंद टाकीत बसवून, वाढवलेल्या दाबाखाली, तोंडावर मास्क लावून शुद्ध प्राणवायू. कुणाला काय मिळेल ते चिठ्ठी ठरवणार. शेवटी सगळ्यांचे हात मोजायचे आणि फरक बघायचा.

मी तावातावानं सोबत गेले. गरीब बायांवर प्रयोग करता का, हा प्रश्न मी एसटीतच पाठ केला होता. डॉक्टर चाळिशीतला, बारीक, चष्म्यातून खाली बघून बोलणारा. त्यानं सगळं सांगितलं. कान दुखतील, डोळ्यांना काही दिवस अंधूक दिसेल, मध्येच नको वाटलं तर केव्हाही सोडता येईल. मी विचारलं, उपयोग होतो का? तो म्हणाला, "माहीत नाही. तेच तर तपासतोय."

मावशींनी त्याच्या मनगटाकडं बघितलं आणि मला कोपरानं ढोसलं. "अडीचचा हाय. आन म्हाईत न्हाय म्हणणारा पैलाच डॉक्टर बगितला म्या. खरा दिसतोय." आणि अंगठा नको, सही करते, म्हणून सही करून मोकळ्या. टाकीला दार असतं, हा विचार त्यांना नंतर सुचला.

निघताना डॉक्टरनं बजावलं, या हाताला जखम होऊ देऊ नका. मावशींनी मान डोलावली. हे वाक्य लक्षात ठेवा.

चिठ्ठीत त्यांना टाकी आली.

टाकी म्हणजे आडवी टाकलेली लोखंडी खोली. आत खुर्च्या, बाजूला जाड काचेच्या गोल खिडक्या, दाराला गाडीच्या स्टिअरिंगसारखं चाक. आत जाताना सुती कपडे, केसांना तेल नाही, अंगावर धातू नाही, बांगडी नाही. मावशींनी उजव्या हातातल्या बांगड्या एक एक करून स्वतः उतरवल्या, एकही पिचू न देता, आणि माझ्या ओंजळीत ठेवल्या. नवरा गेला तेव्हा न उतरवलेल्या बांगड्या. मग त्यांनी टाकीवरच्या मुलाला विचारलं, दार आतनं उघडतं का?

तो पोरगा चांगला होता, पण खरं बोलला. म्हणाला, "आत दाब असतो ना मावशी. दाब उतरवल्याशिवाय दार आतूनही उघडत नाही आणि बाहेरूनही नाही."

मावशींचा चेहरा राखेसारखा झाला. मी त्यांचा दंड धरला. मला वाटलं, आता त्या वळतील, आणि खरं सांगते, त्या वळाव्यात असं मला फार वाटलं. त्यांनी पायातली एक चप्पल काढली. दाराच्या फटीत ठेवता येणार नाही, हे त्या पोरानं हात जोडून सांगितलं. तेव्हा ती चप्पल त्यांनी माझ्या हातात दिली.

"सव्वादोन, ही घिऊन त्या काचंपाशी हुबी ऱ्हा. मला दिसली पायजे. हलू नको."

मी उभी राहिले. एका हातात बांगड्या, दुसऱ्या हातात चप्पल उगारलेली. येणारेजाणारे बघायचे, की ही पोरगी कुणाला मारायला टपलीय. चाक फिरलं. फुस्स असा आवाज सुरू झाला. आतल्या बाकीच्या बायका कान दाबत होत्या, गिळत होत्या. मावशी मास्क लावून ताठ बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे काचेतून त्या चपलेला चिकटले होते. पापणी मिटत नव्हती. आमच्याकडं वीज रोज जाते, ती इथं गेली तर काय, हे माझ्या डोक्यातून हलेना. त्या पोराला विचारलं, तो म्हणाला सोय आहे. सोय आहे हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय, की मला आणखी भीती वाटली. हात भरून आला म्हणून मी चप्पल या हातातून त्या हातात घ्यायला खाली केली. तेवढ्यात मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या, हात मास्ककडं गेला. मी चप्पल काचेला टेकवली. त्या बसल्या. त्यानंतर मी चप्पल हलवली नाही. पेवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या पोरीच्या जागी मी उभी होते, आणि आत त्या होत्या.

दार उघडलं तेव्हा त्या बाहेर येऊन एवढंच बोलल्या, की हवा कोंडलेली न्हाय आतली.

पुढं त्या रुळल्या. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहायच्या. चप्पल धरायला मी नसे तेव्हा तो टाकीवरचा पोरगा ती खिडकीबाहेरच्या खिळ्याला अडकवून ठेवायचा. आत बसलेल्या बायकांची मापं त्या बोटांनी खुणा करून सांगायच्या आणि बायका मास्कमधून हसायच्या. हात हलका वाटतोय असं त्या फोनवर म्हणायच्या. डॉक्टर मध्ये मध्ये फितीनं मोजायचा, पण शेवटचं माप होईपर्यंत काही बोलायचा नाही. हे मावशींना झेपत नव्हतं. मापाच्या धंद्यात जन्म गेलेल्या बाईला स्वतःच्या हाताचं माप कळू नये.

येळवस आली. येळवस म्हणजे मार्गशीर्षाची अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात घरात कुणी थांबत नाही, सगळं गाव शेतात. मावशी डॉक्टरची परवानगी घेऊन गावी आल्या आणि पुतणीच्या शेतात आम्ही सगळ्या जमलो. कडब्याची खोप उभी, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले, पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं. जेवणं झाली. बायका ज्वारीच्या कडेला सावलीत बसल्या. तेव्हा मावशींनी कमरेच्या पिशवीतून एक हिरवी बांगडी काढली. त्यांच्या स्वतःच्या जुन्या मापाची.

मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "त्या डॉक्टरची फीत मऊ असती. वाकती. काच वाकत न्हाय. आज कळंल."

त्यांनी डावा हात पुतणीच्या मांडीवर ठेवला आणि दाबायला सांगितलं, जसा त्या स्वतः दुसऱ्यांचा दाबायच्या. अंगठा आत, करंगळी वर, असं नाही, तसं. पुतणी दाबत होती आणि उजव्या हातानं मावशी बांगडी सरकवत होत्या. ती बोटांवरून गेली. बायका बोलायच्या थांबल्या. अंगठ्याच्या सांध्यावर अडली, मावशींनी दात आवळले, आणि ती सांध्यावरून सरकली. कुणीतरी "गेली गं" म्हणालं. मावशींचा चेहरा मी तसा आधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. मग मनगटाशी कट्ट असा बारीक आवाज झाला.

रक्ताचा थेंब आला, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी म्हणाले, मावशी, जखम होऊ देऊ नका म्हणून सांगितलंय ना? त्यांनी थेंब तोंडानं चोखला, पांडवांपुढची चिमूटभर हळद लावली.

"जखम? जखम इळ्याची, कोयत्याची. ह्यो वरखडा हाय. वरखडं धरत बसलं तर कासारणीनं जगावं कसं?"

त्यांचे दोन्ही हात काचेच्या पांढऱ्या रेघांनी लहानपणापासून भरलेले. त्यातली एकही त्यांच्या लेखी जखम नव्हती. डॉक्टरनं सांगितलेलं त्यांनी मोडलं नव्हतं. पाळलं होतं.

सुजलेल्या हाताला बारीकसं भोक पुरतं. साठलेल्या पाण्यात जंतू वणव्यासारखे पसरतात. पहाटे पुतणीनं मला उठवलं. मावशींचे दात वाजत होते, दोन गोधड्यांखाली. जीपमध्ये त्यांनी दार किलकिलं धरून ठेवायचा हट्ट केला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

बाकाची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली. ती इथं पुरी करते. सूज आधीचीच, म्हणून कुणाला नवी सूज दिसेना. लाली दिसत होती, तर म्हणाले हळद लावलीय ना. एका पोरीनं रक्तदाबाचा पट्टा त्याच हाताला गुंडाळून फुगवला आणि मावशींनी जो आवाज काढला तो ऐकून बाकांवरची माणसं उभी राहिली. मी ओरडले. मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही. शहरातल्या दवाखान्यात फोन लावला, तर पलीकडून कुणी बाई म्हणाली, त्या आल्या नाहीत तर त्यांचं टाकीतलं बसणं अर्धवट राहील. मी म्हणाले, इथं बाई मरतेय. ती म्हणाली, सरांना निरोप देते.

दुपारी पाळी बदलली. नव्या पाळीच्या एक वयस्क सिस्टर बाकाशेजारून जाता जाता थांबल्या, हाताला तळवा लावला आणि पळतच आत गेल्या. त्यांनी मावशींना खाटेवर घेतलं, सुई दुसऱ्या हाताला लावली, आणि पेनानं लालीच्या कडेनं रेघ ओढली. मला म्हणाल्या, रेघेवर लक्ष ठेव. लाली रेघेच्या वर सरकली तर मला हाक मार.

माणसाच्या अंगावर ओढलेली रेघ बघत बसणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. डोळ्यांत पाणी आलं की रेघ हलल्यासारखी वाटते. मी डोळे पुसायची, परत बघायची. संध्याकाळी लाली रेघेच्या वर आली. सिस्टरांनी औषध बदललं, दुसरी रेघ ओढली, आणखी वर, खांद्याजवळ. त्याच्या पुढं ओढायला हात उरला नव्हता. मावशी तापात तात्या, तात्या करत होत्या. खोलीचं दार वॉर्डबॉय सारखं लावून घ्यायचा, मी फटीत चप्पल ठेवायची, तो लाथेनं सरकवायचा, मी परत ठेवायची. तो म्हणाला, वेडी का काय तू? मी म्हणाले, हो.

दुसरी रेघ लालीनं ओलांडली नाही.

मावशी वाचल्या. हात वाचला, पण पहिल्याहून जाड झाला आणि कडक. मूठ उघडीच राहिली. बोटांना आता बांगडी धरवत नव्हती, तर पंजा काय दाबणार?

काही आठवड्यांनी शहरातून फोन, शेवटचं माप घ्यायचंय, या. मी सरळ नाही म्हणाले. कशाला जायचं? आता मोजून काय करायचंय? मावशी पातळ बदलत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझं वंगाळ माप त्येनी धरलं न्हाय, तर समदं चांगलंच दिसंल. मग फुडल्या बाईला काय सांगतील?"

गेलो. डॉक्टरनं फीत लावली, आकडे लिहिले, फीत गुंडाळली. हे कसं झालं, असं त्यानं विचारलं. मावशींनी येळवशीपासून सांगितलं. तो मध्येच थांबवून समोरचा कागद चाळायला लागला. कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, घरकाम. लिहिणाऱ्यानं लुगडं बघितलं, वय बघितलं, आणि लिहून टाकलं.

तो म्हणाला, "मावशी, तुम्ही बांगड्या भरता हे सांगितलं नाहीत."

मावशी म्हणाल्या, "तुमी इचारलं न्हाय."

माझ्याकडं बोलायला पुष्कळ होतं, पाठ केलेलं होतं, पण मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्यांनी त्याचं मनगट निरखलं आणि म्हणाल्या, हात उतरलाय तुमचा, जेवता का न्हाय येळेवर? त्यानं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

टाकीतल्या प्राणवायूनं हाताची सूज उतरते का, हे मला आजही माहीत नाही. डॉक्टरलाही नाही. तपासणी चालू आहे, निकाल लागला की कळवू म्हणालेत, अजून कळवलेलं नाही. टाकी वाईट असं मी म्हणत नाही. तपासायला हवंच, नाहीतर उद्या कुणीही दुकान मांडून सुजलेल्या बायकांना टाकीत कोंडेल. पण जिचा हात तपासायला घेतला, तो हात दिवसभर काय करतो, हे ना ऑपरेशन करणाऱ्यानं विचारलं, ना शेक देणाऱ्यानं, ना मोजणाऱ्यानं, ना बाकावर बसवणारीनं. एकानं विचारलं असतं तर 'जखम' या शब्दात बांगडीचा ओरखडाही आला असता.

दुकान बंद झालं. मावशी आता वाशीला लेकीकडं असतात. मागच्या महिन्यात जाऊन आले. दार उघडं, फटीत चप्पल. मावशी आत बसलेल्या, डावा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला. उजव्या हातातही बांगडी नाही. पाहुणीचं काय म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, ती आता घरचीच झाली. तेवढ्यात नात हातभर बांगड्या वाजवत धावत आली आणि आजीच्या गळ्यात पडायला गेली. मावशींनी डावा हात झटक्यानं मागं घेतला, भिंतीला चिकटल्या. माझ्या खोलीचं दार लागलं होतं तेव्हा चिकटल्या होत्या, तशाच. जन्मभर काच विकलेली बाई काचेला भिऊन बसलीय.

आता तुम्ही. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात छातीचं ऑपरेशन झालेली एक बाई आहे. नाही म्हणू नका, आहे. तिचे दोन्ही हात आज शेजारी शेजारी ठेवून बघा. ती कोयता धरते का, शिवणाची सुई धरते का, काटेरी सरपण मोडते का, भाकरी थापताना तव्याला भाजते का, ते तिला विचारा, आणि असल्या प्रत्येक ओरखड्याला जखम म्हणा. ती दवाखान्यात निघाली की तिच्याबरोबर जा. बाकावर तिच्या शेजारी बसा, त्या हाताला सुई आणि पट्टा लावू देऊ नका, आणि 'हात आधीचाच सुजलेला आहे' असं कुणी म्हणालं तर जागचे हलू नका. तिला बंद दारामागं नेलं, तर ती बाहेर येईपर्यंत काचेपाशी उभे राहा.

आठवली ना ती बाई? मग हा कागद खाली ठेवा आणि उठा.